कार्ड बसूंदे, मगे

गौरवीने कॉम्प्युटरच्या डब्याचा शेवटचा स्क्रू काढला, बाजूचा पत्रा अर्धा सरकवला आणि तेवढ्यात बाबली म्हणाला,

"थांब गो बाय. आदी गाऱ्हाणां घालूया."

स्क्रू-ड्रायव्हर हवेतच राहिला. मेजावर जुने वर्तमानपत्र अंथरलेले होते, त्यावर काल म्हापशाहून आणलेला नव्या ग्राफिक्स कार्डाचा खोका होता, आणि खोक्याशेजारी, हे गौरवीच्या आत्ताच ध्यानात आले, एक सोललेला, शेंडी राखलेला नारळ होता.

"बाबा, हो कॉम्प्युटर. टिपर न्हय."

"फॅन आसा मा तेका?"

"आसा."

"चलताना आवाज करता?"

"करता."

"गरम जाता?"

"जाता."

"मगे?"

या युक्तिवादात खोट काढण्यासारखी जागा नव्हती. बाबलीने आजवर चालवलेल्या प्रत्येक टिपरसमोर, म्हणजे खनिजाच्या ट्रकसमोर, गाऱ्हाणे घातले होते आणि त्यातला एकही टिपर कधी नदीत पडला नव्हता. पाळीच्या खाणीवरून जेटीपर्यंतच्या रस्त्यावर असे सांगू शकणारे ड्रायव्हर फार नव्हते. त्याने डोक्यावर टॉवेल टाकला, नारळ दोन्ही हातांत धरला आणि घरच्या कॉम्प्युटरपुढे उभा राहून आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या घरात जां कार्ड इला आसा, तां तुज्या पायाकडे ठेवतंय. जुन्या कार्डान रस्तो जांभळो केलो, झाडां उलटी टांगली, माका पोलिसाच्या गाडयेर नेवन घातलो, ता सगळां पोटात घाल. ह्या नव्या कार्डान रस्तो रस्त्यासारको दाखवंदे. आणि कंपनीन जाणूनबुजून वायट माल दिलो असात, तर तेंका तू तुज्या परीन बघून घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" स्वयंपाकघरातून त्याच्या बायकोने, पद्मावतीने, साद दिली.

बाबलीने मुलीकडे पाहिले. गौरवी डिचोलीच्या एका छापखान्यात लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे फलक तयार करते. श्रद्धेचे सगळे प्रकार तिने मोठ्या अक्षरांत छापलेले आहेत.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली. "पण नारळ भायर फोडा. हंयसर पाणी सांडला तर देवाकय कार्ड वाचवूक येवचां नाय."

नारळ पायरीवर फुटला. कार्डाला मात्र कुंकू लागलेच. ते खोक्याला लागले, हा गौरवीचा विजय.

ही सगळी मांडामांड एका खेळापायी होती. गेल्या गणेशचवथीच्या थोडे आधी बाबली अंगणात घेरी येऊन पडला, इस्पितळात राहिला आणि आपल्या पायांनी चालत घरी आला. डॉक्टरांनी आराम सांगितला. आराम कसा करतात हे बाबलीला ठाऊक नसल्यामुळे तो दिवसभर बल्कांवात, दारापुढच्या ओसरीवर, बसून रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला सूचना देऊ लागला. कोणी गाडी मागे घ्यायला लागले की हा बसल्याजागी हात फिरवी, "काप, काप, आता सोड, सोड म्हणतंय मरे!" थोड्याच दिवसांत शेजाऱ्यांनी गाड्या देवळाकडे लावायला सुरुवात केली. तेव्हा गौरवीने घरच्या कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा एक खेळ घातला आणि पेडलांसकट एक स्टिअरिंग आणून मेजाला जोडले.

खेळातल्या देशात लोक उजव्या बाजूने गाड्या हाकत होते. बाबलीने ते पाहून इंजिन बंद केले. "ह्या देशात आर्टीओ नाय?" मग गौरवीने शोधून शोधून डाव्या बाजूने चालणारा एक सज्जन देश काढून दिला, आणि बाबली कामावर रुजू झाला.

रुजू झाला, असेच म्हणायला हवे. सकाळी अंघोळ करून, केस विंचरून तो स्टिअरिंगला हात लावी आणि तो हात कपाळाला लावी. वळणावर वेग कमी करी. खेळात त्याचे गुण मिळत नव्हते, तरी करी. चढावर समोरून भरलेला ट्रक आला की हा बाजूला थांबून वाट देई, आणि त्या ट्रकात कोणीही नाही हे ठाऊक असूनही दोन बोटे वर करून सलाम करी. मागच्या गाड्या भोंगे वाजवत. बाबली म्हणे, "वाजवा. पगार भोंग्याचो मेळणा नाय." गौरवी छापखान्यातून आली की दारात उभी राहून बापाचा हा प्रवास बघे. गिअर टाकताना त्याचा हात असा जाई, की जणू झोपलेल्या पोराच्या उशीखाली जातो आहे. तिला वाटे, एवढ्या मायेने आपण अजून एकही लग्नपत्रिका केलेली नाही.

बिघडले ते पुढे. जुन्या कार्डाचा जीव या खेळात दमू लागला. रस्ता मधेच जांभळा होई, झाडे मुळांसकट आभाळात लोंबत, एकदा एक पेट्रोल पंप चालत चालत महामार्गाच्या मधोमध येऊन उभा राहिला. आधी कुठेकुठे नुसता घासणाऱ्या बाबलीचे आता अपघात सुरू झाले. खांब, बसथांबा, एकदा भाजीची हातगाडी, एकदा पोलीस. प्रत्येक वेळी तो स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलून कॉम्प्युटरकडे दाखवी, कोर्टात पुरावा दाखवावा तसा.

"स्क्रीनारच येवंक नाय, तर मी बघतलंय काय?"

गौरवीने जांभळे रस्ते स्वतः पाहिले होते. आरोपी कोण, याबद्दल घरात मतभेद नव्हते.

आणि याच सुमारास बरीच वर्षे बंद पडलेल्या खाणी पुन्हा सुरू झाल्या. इतकी वर्षे हिरवी झालेली रस्त्याकडची झुडपे परत तांबडी दिसायला लागली. बाबली ज्याच्याकडे आयुष्यभर टिपरवर होता, त्या मालकाचा मुलगा सुदेश नवा टिपर घेऊन दारात आला. गाडीच्या कपाळावर अजून झेंडूची माळ होती.

"बाबलीकाका, पयली खेप तुमी मारूक व्हयी. बापाशीन मरताना सांगल्यान, गाडी घेतलंस तर बाबलीक बसय."

बाबली टिपरभोवती एक फेरी मारून आला. टायरांवर हात फिरवला. त्याचा चेहरा असा झाला होता, की पद्मावती उंबऱ्यावरून आत निघून गेली. मग तो म्हणाला,

"घरात एक कार्ड येवचां आसा. कार्ड बसूंदे, मगे सांगतंय."

सुदेशने हे चहाच्या दुकानात सांगितले आणि गाव पोट धरून हसला. तांबड्या धुळीतून, समोरचे बॉनेट दिसत नसताना, मुरगावला जाणाऱ्या बार्जी वेळेवर भरून देणारा माणूस आता खेळातल्या कार्डाची वाट बघतो! सुदेश जेवण करून रविवारी दुपारी उत्तर न्यायला येणार होता. तो रविवार आजचा.

आश्चर्य एवढेच, की कार्ड घ्यायला पद्मावतीने होकार दिला. या बाईने मिक्सरचे फुटलेले झाकण बदलायला वर्ष घालवले होते. ती गौरवीला म्हणाली होती, "घेवचां तर बरांतलां घे. परत बिगाडता कामा नये." बाबलीचे लाड चालले आहेत, असे गौरवीने धरले आणि दुकानदाराकडे बरांतले मागितले.

पत्रा पूर्ण सरकला आणि तिघेही वाकून बघू लागले. डब्याच्या आत पाळी गाव होता. पंख्याच्या पात्यांवर, वायरींच्या जुड्यांवर, कोपऱ्याकोपऱ्यात तांबड्या धुळीचा मऊ थर.

"ह्यात जेटीर पाठवण्याइतको माल आसा," बाबली खूश होऊन म्हणाला.

"घरात बसान तुमी धंदो करतास, ता आज कळला," पद्मावती म्हणाली आणि झाडूची जुनी काडी देऊन आत गेली.

गौरवीने रंगकामाच्या कुंचल्याने धूळ झाडली, जुन्या कार्डाच्या टोकाशी असलेली पकड दाबली आणि कार्ड हलकेच उपसून काढले. नवे कार्ड जुन्याच्या दीडपट लांब निघाले. त्याला दोन पंखे होते, आणि ते डब्यात अर्धे जाऊन हार्ड डिस्कच्या खणाला टेकले.

"मागे घे," बाबली म्हणाला. सवयीने त्याचा हात हवेत फिरला. "काप. काप उजवीकडे."

"बाबा, हेका स्टेरिंग नाय."

शेवटी हार्ड डिस्क वरच्या खणात हलवावी लागली. दुकानदाराने जुना वीजपुरवठ्याचा डबाही बदलायला लावला होता, त्याला हा भार झेपणार नाही म्हणून. ही एक गोष्ट बाबलीला समजावून सांगावी लागली नाही. लोड वाढला तर खालचे पाटे बदलायचे, यात नवीन काय? कार्ड फटीत बसताना 'टक्' असा आवाज झाला आणि बाबलीने मान डोलावली. तो आवाज त्याला पटला.

वायरी लावल्या. बटण दाबले. पंखे फिरू लागले, दिवा लागला, आणि स्क्रीन काळाकुट्ट.

बाहेर कोणाचा तरी कोंबडा आरवला. बाबलीने पायरीवरच्या नारळाच्या भकलांकडे एकदा बघून घेतले.

"गाऱ्हाण्यात काय उणां रवला?"

"इंग्लिशीत घालूक व्हया होतां," आतून पद्मावती म्हणाली. "कंपनी भायली."

गौरवीने सगळे बंद केले, कार्ड काढून परत बसवले, वायरी हलवून पाहिल्या.  मग ती डब्याच्या मागे गेली, थोडा वेळ तिथेच राहिली, आणि तिचे हसणे ऐकू आले. स्क्रीनची वायर तिने घाईत नव्या कार्डाऐवजी वरच्या मदरबोर्डाच्या खोबणीत खोवली होती. नवे कार्ड बिचारे आत बसून चित्रे काढत होते आणि ती न्यायला दारात कोणी नव्हते.

वायर बदलली. स्क्रीनवर काही वेळ कसल्याकसल्या पट्ट्या भरत राहिल्या, आणि मग खेळ उघडला.

 पद्मावती हात पुसत येऊन उभी राहिली होती. रस्ता ओला होता. पावसाची सर नुकतीच येऊन गेलेली असावी, कारण डबक्यात आभाळ दिसत होते आणि त्या आभाळातून एक पक्षी गेला. झाडांची पाने एकेक मोजून घ्यावीत अशी. दूरच्या चढावर एका घराच्या खिडकीला पडदा होता, आणि तो वाऱ्याने हलत होता.

"रस्तो धुवन काडलो गो," बाबली हळूच म्हणाला.

त्याने स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला. ट्रक निघाला. गौरवी बाजूला स्टुलावर बसली. इतके दिवस तिने बापाचे कसब फाटक्या चित्रात पाहिले होते. आता ते धुतलेल्या रस्त्यावर दिसत होते. उतारावर त्याने ब्रेकला हातसुद्धा, म्हणजे पायसुद्धा, लावला नाही. गिअरवर गाडी अशी आवरून धरली की मागे भरलेल्या दुधाची टाकी असती तर साय मोडली नसती. पूल आला. पुलापलीकडे रस्त्याच्या कडेने पिवळा कोट घातलेला एक सायकलवाला पेडल मारत चालला होता. पुलावरूनच तो स्पष्ट दिसत होता. गौरवीच्या मनात आले, कोटाची घडीसुद्धा दिसते.

ट्रक सायकलवाल्यावरून गेला.

वेग कमी झाला नाही, चाक वळले नाही, काही नाही. मग खेळाने मोठा आवाज करून दंडाची पाटी दाखवली, तेव्हा बाबलीने ब्रेक दाबला. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलले गेले आणि कॉम्प्युटरकडे निघाले. अर्ध्या वाटेवर ते थांबले.

रस्ता निळसर, स्वच्छ होता. एकही झाड उलटे नव्हते.

"काय होतां?" बाबलीने विचारले.

"सायकलवालो."

"खंय?"

"डावीकडे, बाबा."

"कवापासून?"

गौरवीला खोटे सांगायचे होते. "पुलापासून," ती म्हणाली. मग घाईघाईने, "सेटिंग बघूक व्हया. कधी कधी नव्या कार्डाक सेटिंग..."

"सेटिंग बरां आसा." त्याने हात परत चाकावर ठेवले. "परत लाय."

पद्मावती आत गेली आणि फोडलेल्या नारळाची भकले व सुरी घेऊन आली. खुर्ची ओढून ती त्याच्या डाव्या हाताला, मेजाच्या कडेशी बसली आणि खोबरे सोडवू लागली. ट्रक पुन्हा निघाला. तोच उतार, तोच पूल. पूल संपताच पद्मावतीने सुरीच्या मुठीने मेजावर एकदाच ठोकले.

ठक.

बाबलीने ब्रेक दाबला. गाडी थांबली. डावीकडून पिवळा कोट संथपणे पुढे सरकला, वळला आणि एका गल्लीत शिरला.

ठक ठक.

गाडी निघाली.

ही टिपरांची भाषा. क्लीनर डाव्या बाजूने पत्र्यावर एकदा मारतो तेव्हा थांबायचे, दोनदा मारतो तेव्हा निघायचे. खाणीच्या गोंगाटात शब्दांचा उपयोग नसतो. लग्नाच्या पहिल्या वर्षी शिगम्याला क्लीनर दोडामार्गला आपल्या गावी गेला आणि लवकर परतलाच नाही, तेव्हा नवी नवरी पद्मावती त्याच्या जागी बसून खेपा करून आली होती. घरात ही गोष्ट विनोद म्हणून सांगितली जाई. ती अजून चालू भाषा आहे, हे गौरवीला ठाऊक नव्हते.

पद्मावती मान खाली घालून खोबरे काढत होती. मधेच डोळे वर, एक ठक. शाळेतली मुले रस्ता ओलांडत. दोन ठक. एक ठक, बसथांब्याजवळची बस. दोन. बाबली समोर बघत होता. दोघांपैकी कोणीही एकमेकांकडे पाहिले नाही, आणि गाडी बाजारातून, चौकातून, एका अरुंद बोळातून कुठेही न घासता डेपोत शिरली. त्याने ती मागे घेतली, दोन भिंतींच्या मधे, पद्मावतीच्या ठोक्यांवर, एका दमात. स्क्रीनवर फुलबाज्या उडाल्या. आजवर त्याला एवढे गुण कधी पडले नव्हते.

बाबलीने इंजिन बंद केले आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

गौरवी उठून स्वयंपाकघरात गेली. तिला एकदम पुष्कळ गोष्टी आठवत होत्या. बसमध्ये आई हल्ली हटकून बाबांच्या डावीकडे बसते. पाण्याचा तांब्या हल्ली उजवीकडे असतो. दाराच्या डाव्या अंगाचा बाक आईने वास्तुशास्त्र सांगून मागल्या दारी नेला, तेव्हा आपण तिची थट्टा केली होती.

पद्मावती मागोमाग आली आणि खोबरे किसायला बसली.

"आई, तुका कवापासून ठाऊक?"

"चवथीपासून. पानार डावीकडची कोशिंबीर तशीच रवली. म्हटलां, आवडूक नाय. पान फिरयलां, तर चाटून पुसून खाल्ली."

"मगे सांगलंस कित्याक नाय तेंका?"

"सांगलंय मा. डोळ्यांच्या डॉक्टराकडे चला म्हटलां." ती किसत राहिली. "तुजे बाबा म्हणाले, डोळे बरे आसत, कॉम्प्युटर बिगाडलो हा."

"आणि?"

"आणि काय? आदी कॉम्प्युटर बरो करूक नको?"

 कार्ड घेताना आईने काय बजावले होते ते गौरवीला शब्दशः आठवले. परत बिगाडता कामा नये.

"आता सुदेश येतलो," ती म्हणाली. "बाबा व्हय म्हणाले तर?"

किसणारा हात थांबला. पद्मावतीने विचार केला. विचार खरोखरच केला, हे दिसत होते.

"तर मी गाडयेत बसतलंय," ती म्हणाली आणि परत किसू लागली.

 माशाची कढी चांगली झाली होती, ते जेवताना बाबलीने दोनदा सांगितले. जेवून तो बल्कांवात आपल्या सोप्यावर, नेहमीच्या बाकावर, जाऊन बसला. अंगात इस्त्रीचा शर्ट घातला होता. गौरवीने तो दारातून बघितला. इस्त्रीचा शर्ट तो खेपेवर जायच्या दिवशी घालत असे.

सुदेश आला तो टिपरची चावी बोटात फिरवतच.

"काय काका, कार्ड बसला?"

"बसला."

"मगे? रस्तो दिसता?"

"एकदम बरो. पानय दिसता झाडाचां."

"मगे उद्यापासून?" सुदेशने चावी पुढे केली. गौरवी दाराआड उभी होती. आत भांड्यांचा आवाज बंद झाला होता.

बाबलीने चावी घेतली. तळहातावर ठेवून जरा जोखली.

"सुदेशबाब, तुज्या बापाशीची गाडी मी खंय घासली काय रे कधी?"

"कधीच नाय. सगळे सांगतत."

"मगे तुजीय घासूची नाय." त्याने चावी सुदेशच्या हातात परत ठेवली आणि त्याची बोटे मिटली. "माका डावीकडचां दिसना. पडलंय तेवापासून. मी म्हटलां कार्डाचां जाता. कार्ड नवां आसा, बेस आसा. तरीय दिसना."

सुदेशला ही थट्टा वाटली. तो हसला, मग त्याचे हसू ओठांवर तसेच राहिले, कुठे ठेवावे ते न कळल्यासारखे.

"पण काका, तुमी त्या धुळीत..."

"धुळीत कोणाकच दिसना नाय होतां. तेवा चलला." बाबली सावरून ताठ बसला. "वाड्यावरच्या निलेशाक बसय गाडयेर. गावातले बाकीचे नुसते धावडायतत. तो वळणार गाडी धरता. मी हंयसून बघतंय मा सगळ्यांका. दोन दिवस तेच्या वांगडा मी बसतंय, उजवीकडचां काय तां शिकयतंय. डावीकडचां तेचां तेणां बघूक व्हया."

सुदेशने चावी खिशात घातली. एवढ्या लांब भाषणानंतर काय करायचे असते ते त्याला सुचेना, म्हणून तो वाकला आणि बाबलीच्या पायांना हात लावून समोर बसला. बाबली रस्त्याकडे बघत होता. रस्त्याने एक भरलेला टिपर गेला. त्याची तांबडी धूळ बल्कांवाच्या खांबापर्यंत आली आणि खाली बसली.

पद्मावती चहा घेऊन बाहेर आली. एक कप तिने सुदेशच्या हातात दिला. दुसरा घेऊन ती सोप्याला वळसा घालून पलीकडे गेली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तो बाबलीच्या डाव्या अंगाला ठेवला.

"च्या डावीकडे ठेवलो हा," ती म्हणाली. चांगले मोठ्याने, सुदेशला ऐकू जाईल असे.

बाबलीने मान वळवली. थोडी वळवून भागेना, म्हणून आणखी वळवली. टिपर चौकात आला की ड्रायव्हर बाहेर झुकून बघतो तसा तो सगळ्या अंगाने डावीकडे झुकला, आणि त्याची नजर कपावरून वर, पद्मावतीवर गेली.

"दिसली," तो म्हणाला.

"मी च्या म्हटलंय," पद्मावती म्हणाली, आणि पदर सावरत भराभर आत निघून गेली.

सुदेशने आपल्या कपात पाहिले आणि चहा पिऊ लागला.